पंच्यावरचे लाल डाग

मधुमेहाने बोटं काळी पडली आणि डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. जखम भरली. पण रात्री दोन-अडीचला, नसलेल्या अंगठ्याला कुर्लीने नांगी लावावी तशी कळ यायची. चोळायला हात जायचा तो गादीवर. कोणाला सांगायची सोय नाही, वेड्यात काढतील.

कुडाळच्या एसटी स्टँडवर कुबडी बघून एक गृहस्थ आपणहून बोलायला आले. "माझ्या वडलांचं अगदी असंच होतं हो. एका वैद्याने कळा घालवल्या." नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. स्वतः चहासुद्धा घेतला नाही. तिथेच मी गळाला लागलो.

वैद्य घरी आला. म्हणाला, कापलेल्या नसांत विष अडकलंय. खुंटावर पिवळा लेप फासला आणि आपल्या बाटलीतल्या पाण्यात कापसाचा बोळा भिजवून फिरवला. बोळा लालभडक! "बघा, निघालं विष." एका बोळ्याचे 500 रुपये. किती लागतील हे आधी सांगितलंच नाही. 37 झाले. 18,500 रुपये, गणपतीसाठी बाजूला ठेवलेले धरून. जाताना डॉक्टरच्या गोळ्याही बंद करायला सांगून गेला. चार दिवसांत साखर कुठल्या कुठे चढली.

पायाखाली अंथरलेला पंचा आईने धुवायला घेतला. साबण लागताच पिवळे डागही लाल झाले. "मेल्या, ह्यां इष न्हय, ही हळद आसा!" हळदीला चुना लावला की कुंकू होतं, हे घरातल्या पोरालाही माहीत. बाटलीत चुन्याची निवळी असणार. नंबर तेव्हापासून बंद.

सर्जन मात्र हसले नाहीत. "कळ खरी आहे. पाय गेला तरी मेंदूतली त्याची जागा जात नाही." नसांच्या दुखण्याची गोळी दिली आणि फिजिओथेरपीला पाठवलं. मेंदूशास्त्रज्ञ डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी 1990 च्या दशकात आणलेला आरशाचा उपाय तिथे शिकवतात : दोन पायांमध्ये आरसा उभा करायचा, त्यात धड पायाचं प्रतिबिंब बघत बोटं हलवायची. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, हे तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. वैद्याच्या तोंडून असलं काही निघालं नव्हतं. आमच्या जुन्या कपाटाचा आरसा कामाला आला. आता कळ रोज येत नाही.

परवा वेंगुर्ल्याहून मावसभावाचा फोन आला. त्याच्या शेजाऱ्यांना एसटी स्टँडवर कोणा सभ्य माणसाने चिठ्ठी दिली आहे.