दारू सोडवायची तर जायचं कुठे? खेड्यातल्या घरासाठी व्यसनमुक्ती सेवांची पारख

घरातला कर्ता माणूस सकाळी उठल्या उठल्या प्यायला लागला की गावात तीन सल्ले मिळतात: भिंतीवर जाहिरात रंगवलेली पुडी आणा, शहरातल्या केंद्रात टाका, नाहीतर जिल्हा रुग्णालयात न्या. तिन्हींत आम्ही जिल्हा रुग्णालयालाच पहिला क्रमांक देतो. गर्दी आहे, रांग आहे, तरीही. त्याचं कारण दारू बंद केल्यानंतरच्या पहिल्या पाच दिवसांत आहे.

रोज पिणाऱ्याने एकदम दारू तोडली की सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, उलट्या होतात, झोप लागत नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही जण बरळू लागतात, अंगावर किडे चालल्यासारखं त्यांना वाटतं, नसलेली माणसं दिसतात. गावात याला बाहेरची बाधा समजून मांत्रिकाकडे नेतात आणि त्यातच जीव जातो. म्हणून 'घरात कोंडून ठेवा, चार दिवसांत सुटेल' हा सल्ला कोणी देऊ नये, कोणी ऐकू नये. पूर्वी कधी फिट आली असेल किंवा सकाळी दारूशिवाय हात स्थिर राहत नसतील, तर भरतीच करावी.

रुग्णालयात थरथर आणि फिट आवरणारं डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड सुरू करतात आणि पाच ते दहा दिवसांत डोस कमी करत नेतात. लिव्हर खराब असेल तर लोरॅझेपाम देतात. सोबत थायामिनचं, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन लागतं. इथेच गावपातळीवर मोठी चूक होते. अशक्तपणा आला म्हणून गावातला डॉक्टर आधी ग्लुकोजचं सलाईन लावतो. दारूड्याच्या शरीरात थायामिन आधीच कमी असतं. ग्लुकोज पचवताना उरलंसुरलं संपतं आणि मेंदूला इजा होते. डोळे तिरळे होणं, तोल जाणं, भ्रमिष्टपणा ही त्याची लक्षणं. सलाईन लावण्याआधी 'बी-१ दिलं का?' एवढं घरच्यांनी विचारावंच.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसह उपचार मोफत आहेत. उणीव पुढच्या टप्प्यात जाणवते. औषध नीट मिळतं, पण समुपदेशनाला वेळ अपुरा पडतो. मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी बसतात हे आधी विचारूनच निघा, नाहीतर एसटीचं भाडं आणि मजुरी दोन्ही बुडतात. जाताना सगळ्या जुन्या चिठ्ठ्या घ्या, आणि रोज किती, कोणती, शेवटची कधी घेतली हे घरच्या बाईला सांगू द्या. तिचा हिशेब बहुधा जास्त खरा असतो.

निघण्याआधी फोन करायचा तर टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. चोवीस तास, मराठीत, पैसे लागत नाहीत. व्यसनासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. दोन्हींचा उपयोग दिशा कळण्यापुरता आणि आधारापुरता. फिट आली तर १०८.

खासगी केंद्रांबद्दल आम्ही सावध आहोत. काही खरोखर चांगली आहेत. पण पैसे भरण्याआधी तीन गोष्टी पाहा: राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी, पहिल्या आठवड्यात रोज तपासणारा डॉक्टर, आणि घरच्यांना भेटू देतात का. साखळीने बांधणं २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंद आहे. मारहाण हा उपचार नाही. 'रात्री गाडी पाठवून उचलून नेतो' म्हणणाऱ्या केंद्राला आमचा स्पष्ट नकार.

पुडीला तर शून्य गुण. जेवणात गुपचूप कालवायच्या अशा पुड्यांत काय आहे हे घरच्यांना कळायला मार्ग नाही. डायसल्फिरामची, म्हणजे दारू सोसू न देणारी गोळी असेल, तर त्यावर दारू पडल्यास चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हृदय कमजोर असलेला दगावू शकतो. ही गोळी कामाची आहे, पण माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, शेवटच्या घोटानंतर किमान बारा तासांनी आणि डॉक्टरच्या देखरेखीतच. गोळी बंद केल्यावरही साधारण दोन आठवडे धोका राहतो. ओढ कमी करायला नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट हे पर्याय आहेत. त्याबद्दल स्वतःहून विचारा.

पाठपुराव्यात गडचिरोली पुढे आहे. 'सर्च' ही संस्था, राज्य शासन आणि टाटा ट्रस्ट यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तिपथ या व्यसनमुक्ती कार्यक्रमाने उपचार तालुक्यापर्यंत आणि शिबिरांतून गावात नेला. इतर जिल्ह्यांना हे हवंच आहे, कारण माणूस पुन्हा घसरतो तो गावातच: पोळ्याच्या करीला (दुसऱ्या दिवशी), लग्नसराईत, कापसाचा चुकारा हातात पडल्यावर. त्या आठवड्याची तारीख डॉक्टरकडे आधीच मागून ठेवा आणि चुकारा घरच्या बाईच्या खात्यात जाऊ द्या. शहराजवळ असाल तर अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या बैठका फुकट असतात. पुन्हा प्यायला म्हणून उपचार वाया गेला असं नसतं. लगेच परत न्यावं.

दारू सुटली की खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, वाढतो, हे बहुतेक केंद्रं विचारतसुद्धा नाहीत. पानठेल्यावरची खर्ऱ्याची पन्नी सोडायला निकोटिन गम चालतो, पण तो खर्ऱ्यासारखा चघळला की उचकी लागते, पोट जळतं आणि लोक दोन दिवसांत फेकून देतात. हळू चावायचा, जिभेला झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचा, चव गेली की परत चावायचा. असा अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा नको, चहाने निकोटिन नीट शोषलं जात नाही. तंबाखूसाठी फोन १८००-११-२३५६.