एकच सिरीयल पोर्ट आणि दोन धनी

आमच्या इंदूरच्या पलासियातील कार्यालयासाठी घेतलेल्या वापरलेल्या रॅक सर्व्हरला आता आठ महिने झाले. हा अभिप्राय त्यातील एकाच सोयीविषयी आहे: मदरबोर्डवरील व्यवस्थापन चिप (सर्व्हर दुरून सांभाळण्यासाठीची वेगळी चिप) सिरीयल पोर्ट, म्हणजे एकेक अक्षर पाठवणारी जुन्या धाटणीची जोडणी, आपल्याकडे वळवून घेते आणि त्यावरची अक्षरे नेटवर्कवरून आपल्या पडद्यावर आणून दाखवते. आयपीएमआय या सर्व्हर दुरून सांभाळण्याच्या मानकाच्या २००४ सालच्या २.० आवृत्तीत ही सोय आली; तिला ‘सिरीयल ओव्हर लॅन’ म्हणतात. ती नेटवर्कच्या यूडीपी ६२३ या पोर्टवरून चालते.

जुलैतील एका रात्री वीज बराच वेळ गेली आणि परत आल्यावर सर्व्हर काही उठला नाही. मी रामबागेत घरी होतो. व्हीपीएनने कार्यालयाच्या नेटवर्कला जोडून आयपीएमआयटूल ही त्या चिपशी बोलणारी आज्ञा चालवली, तेव्हा फाइल सिस्टिमची तपासणी अर्ध्यावर अडून रूटचा (मुख्य प्रशासकाचा) पासवर्ड मागितला जात असल्याचे दिसले. एसएसएच (नेहमीचा दुरून लॉगिन करण्याचा मार्ग) सुरूच झालेले नसल्याने एरवी हे कळायला भर पावसात स्कूटर काढून तिथे मॉनिटर जोडावा लागला असता. घरबसल्या एफएससीके ही फाइल सिस्टिम दुरुस्त करणारी आज्ञा चालवून वीस मिनिटांत काम उरकले.

दुसऱ्या दिवशी नोंदी चाळल्या आणि आनंद ओसरला. मागच्या नऊ पिनांच्या पोर्टला यूपीएसची केबल होती, आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) मी तोच पोर्ट चिपकडे वळवला होता. त्यामुळे बॅटरी संपत आल्याचा निरोप महिनाभर सर्व्हरपर्यंत पोहोचतच नव्हता. तो नीट बंद न होता कोसळला, तो ज्या सोयीने मला वाचवले तिच्यामुळेच. पोर्ट सामायिक असल्याचे विक्रेत्याने सांगितले नव्हते, आणि मीही माहितीपुस्तिका उघडली नव्हती. जेल रोडवरून यूएसबी-सिरीयल केबल आणून यूपीएस तिकडे हलवला, तेव्हा तंटा मिटला.

बायोस, ग्रब (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) या तिन्ही ठिकाणी सिरीयल पोर्टचा वेग सेकंदाला ११५२०० बिट असाच ठेवावा, अन्यथा पडद्यावर निव्वळ कचरा उमटतो. एसएसएचने दुसऱ्या संगणकावर जाऊन तिथून हे सिरीयल सत्र उघडले असेल, तर बाहेर पडताना नव्या ओळीवर दोन लहरी चिन्हे (~) आणि मग टिंब द्यावे. एकच लहर दिल्यास सिरीयलचे सत्र तसेच राहून एसएसएचच तुटते. आणि सत्र एका वेळी एकालाच मिळते: सहकाऱ्याने ते तसेच उघडे टाकून घरची वाट धरली, की आधी ते सोडवून घ्यावे लागते.