घोड्यांच्या ऑनलाइन जाहिराती: आयाळ चमकते, दुडकी दिसत नाही

घोडे पैदास करणारे आणि सौदागर, दोघांच्याही जाहिरातींत मेहनत घेतलेली असते ती आयाळीवर. खूर मात्र गवतात बुडालेले. फोटोपुरता हा दोष मोठा आहे, कारण नाल कशी बसली आहे, टाच खचली आहे का, पुढचे दोन खूर सारखे आहेत का, हे गवतात कळतच नाही. चांगला फोटो सपाट, टणक जागेवर, बरोबर बाजूने, कॅमेरा घोड्याच्या पोटाच्या उंचीवर धरून काढलेला असतो. मोबाइल खाली धरला की घोडा उंच वाटतो. अगदी जवळून समोरून काढला तर डोकं मोठं आणि मागचा भाग बारीक दिसतो.

उंचीचा आकडाही नीट वाचावा. घोड्याची उंची 'हँड'मध्ये मोजतात. एक हँड म्हणजे 4 इंच, त्यामुळे 15.2 म्हणजे 15 हँड आणि 2 इंच, एकूण 62 इंच (साधारण 157 सेंमी). 15.3 नंतर थेट 16 येतो. 'उंची 15.5' असं लिहिणाऱ्याला मोजमापच माहीत नाही. मान पाठीला मिळते तिथल्या उंचवट्यापर्यंत मोजलं का आणि नालेसह का, हे फार थोडे जण लिहितात.

खरा निकाल लागतो व्हिडिओवर, आणि सर्वाधिक निराशाही तिथेच. स्लो मोशनमध्ये कुठलीही चाल तरंगती भासते. वर संगीत टाकलं की टापांचा आवाज गेला, आणि दुडकीचे (चालणं आणि भरधाव यांमधली, दोन ठोक्यांची चाल) दोन ठोके समान पडतात का हे कानाला डोळ्यांपेक्षा लवकर कळतं. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर उचललं जातं. वळणावर, कडक जमिनीवर हे ठळक होतं. म्हणून हवा तो न कापलेला, मूळ आवाजाचा व्हिडिओ: सरळ रेषेत दुडकी, मग दोन्ही बाजूंना गोल. एकाच बाजूचा गोल दाखवला असेल तर दुसरी बाजू मागून घ्या. वेदनाशामक देऊन चित्रण केलं असेल, तर असा व्हिडिओही पुरेसा नाही. स्वतः निवडलेल्या पशुवैद्याकडून तपासणी आणि त्याच वेळी रक्ताचा नमुना हवाच.

'मुलांसाठी शांत' या शब्दांना आधार म्हणून मूल स्वार असलेलं, गाडीत चढणारं, कळपापासून एकटं निघणारं जनावर दाखवावं. 'नवशिक्यासाठी नाही' असं स्पष्ट लिहिणारा विक्रेता जास्त भरवशाचा.

पैदास करणारे शिंगराच्या बापाचं कौतुक पानभर करतात, आई एका ओळीत. निम्मा वारसा घोडीचाच असतो! 'जनुकीय चाचणी झाली' यालाही अर्थ नाही, निकाल लिहा. अरबी घोड्यांतल्या एससीआयडी या प्रतिकारशक्तीच्या रोगात वाहक घोडा (सदोष जनुक फक्त एका पालकाकडून आलेला) ठणठणीत असतो; पण दोन वाहकांची जोडी लावली तर प्रत्येक शिंगराला तो रोग होण्याची शक्यता चारात एक.

वयाच्या दाव्यासोबत दातांचा फोटो टाकणारे थोडे, पण त्यांना पूर्ण गुण. पाच वर्षांपर्यंत दातांवरून वय बरंच नेमकं कळतं, पुढे अंदाजच, तेव्हा जन्मनोंद आणि 15 अंकी मायक्रोचिप क्रमांक मागा. चिप स्कॅन होतानाचा व्हिडिओ पाठवायला दोन मिनिटं पुरतात.