रिक राईट गेल्यावर आठवड्याने आलेली सीडी: लाइव्ह इन ग्दान्स्क

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा कीबोर्डवाला रिक राईट गेला १५ सप्टेंबर २००८ ला, कॅन्सरने, वय ६५. आणि ही सीडी आली २२ सप्टेंबरला. बरोब्बर एक आठवडा. त्याच बँडचा गिटारवाला डेव्हिड गिलमोर, त्याचा नवा लाइव्ह अल्बम म्हणून आम्ही सगळे कधीपासून वाट बघत होतो आणि हातात पडली ती ऐन सुतकात. पहिल्यांदा लावली तेव्हा गिटारकडे लक्षच गेलं नाही माझं, पूर्ण वेळ कान कीबोर्डकडे, आता वाजवेल, आता वाजवेल असं करत ऐकली.

दरवर्षी सप्टेंबर आला की ही परत निघते. रिकच्या आठवणीत काय ऐकायचं असं कुणी विचारलं तर माझं उत्तर हेच असतं, आणि त्याचं कारण म्हणजे ही श्रद्धांजली म्हणून बनवलेलीच नाहीये. कॉन्सर्ट झाला २६ ऑगस्ट २००६ ला, पोलंडमध्ये, ग्दान्स्कच्या त्याच शिपयार्डमध्ये जिथे १९८० साली सॉलिडॅरिटी ही कामगार संघटना ज्यातून उभी राहिली तो संप झाला होता, त्या आठवणीसाठीच तो ठेवला होता. गिलमोरच्या टूरचा शेवटचा शो, कीबोर्डवर रिक, सोबत पोलिश ऑर्केस्ट्रा. म्हणजे स्टेजवर कुणी कुणाला निरोप देत नाहीये, मस्त वाजवतायत फक्त. रडवायचा प्रयत्न कुठेच नाही, म्हणूनच जास्त आत लागतं.

सुरुवातीलाच 'टाइम' येतं आणि गिलमोरचा तो चढलेला आवाज एकदम खाली उतरून मधल्या ओळी रिक गातो. पिंक फ्लॉइडच्या मूळ १९७३ च्या रेकॉर्डवर पण त्या ओळी त्यानेच गायल्यात. आवाज वयाने थोडा जाड झालाय पण तोच मऊपणा, कुणाला काही पटवून द्यायचं नाहीये असा. तो तसाच होता म्हणतात, शांत, मागे राहणारा. तो गेल्यावर गिलमोरनेही साधारण हेच सांगितलं, की पिंक फ्लॉइड म्हणजे कोण या सगळ्या भांडणात रिकने किती दिलं ते विसरलंच गेलं. खरंय ना. 'द ग्रेट गिग इन द स्काय'ची ती पियानोची सुरावट त्याची, 'अस अँड देम'ची चाल मुळात त्याने पियानोवर बसवलेली, आणि 'ब्रीद'मधला तो एक जॅझचा कॉर्ड तो माइल्स डेव्हिसच्या रेकॉर्डवरून शिकला होता. तरी पोस्टरवर चेहरा दुसऱ्यांचा. १९७९ मध्ये 'द वॉल' अल्बमचं काम चालू असताना त्याला बँडमधून काढलं आणि मग त्याच अल्बमच्या टूरवर पगारी माणूस म्हणून वाजवायला लावलं. आपणच उभ्या केलेल्या बँडमध्ये पगारी. हे आठवलं की अजून राग येतो मला, इतकी वर्षं झाली तरी.

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या सीडीवरचं पाचवं गाणं, पिंक फ्लॉइडचं 'एकोज', २५ मिनिटांचं. फक्त यासाठी ही घ्या. सुरुवातीचा तो एकच सूर, पाण्यात थेंब पडावा तसा टिंग, तो रिकचा. १९७१ साली पियानोचा सूर फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढून तो आवाज त्यांना सापडला होता. इथे तो वाजतो, समोरची गर्दी ओरडते, परत वाजतो आणि अंगावर काटा येतो. मग दोघं एकत्र गातात, त्यांचे आवाज इतके एकमेकांत मिसळलेत की कुठला कुणाचा हे शोधायला हेडफोन लावावा लागतो, आणि शोधूच नये असं वाटतं. शेवटी शेवटी तर गिटार एक तुकडा म्हणते, कीबोर्ड त्याला उत्तर देतो, परत गिटार, परत कीबोर्ड, घाई कुणालाच नाही, दोन जुने मित्र संध्याकाळी बसून बोलावेत तसं. डीव्हीडीवर त्यांचे चेहरे बघा त्या वेळी. रिक हसतोय. दोन वर्षांनी तो नसणार आहे हे आपल्याला माहितीये, त्याला नाही, आणि तिथे माझा कंठ दाटतोच, कितीदा पाहिलं तरी.

न पटलेल्या गोष्टी पण सांगते. पहिल्या सीडीचा मोठा भाग म्हणजे 'ऑन अॅन आयलंड' हा गिलमोरचा तेव्हाचा नवा अल्बम सलग, तो छान असला तरी संथ आहे, आणि पिंक फ्लॉइड ऐकायला आलेला माणूस तिथे कंटाळू शकतो. ऑर्केस्ट्रा काही ठिकाणी इतका भरगच्च येतो की खालचा ऑर्गन दबतो, मला मिक्समध्ये रिक अजून थोडा वर हवा होता. डीव्हीडीत पूर्ण कॉन्सर्ट नाहीये हे आधी माहीत असू द्या. तरीही घेताना डीव्हीडीवालाच सेट घ्या, नुसत्या दोन सीडी घेतल्या तर ते हसणं दिसणार नाही.

पिंक फ्लॉइडचा 'द एंडलेस रिव्हर' (२०१४) हा अल्बम का नाही असं बरेच जण विचारतात. तो तर खास रिकसाठीच केलेला, १९९३-९४ च्या उरलेल्या रेकॉर्डिंगमधून, जवळजवळ सगळा विनाशब्दांचा. तो पण घ्या, मला आवडतो. पण त्यात तो गेल्यानंतर जोडलेले तुकडे आहेत, ऐकताना ती शिवण जाणवते, आणि इथे माणूस आख्खा आहे, श्वास घेतोय, स्टेजवर गिलमोरच्या सोबत.

रिकशिवाय 'एकोज' परत वाजवणार नाही असं गिलमोरने नंतर सांगून टाकलं, त्यामुळे हे असं परत होणे नाही. 'एकोज'नंतर सीडीवर अजून तीन गाणी आहेत, चांगली आहेत, पण मी तिथेच थांबवते आणि ती दुसऱ्या दिवशी ऐकते.