चौकटीची वही, शंभर पानी: वेबसाइटच्या डिझाइनसाठी वापरून पाहिली

किंमत ३५ रुपये. घेतली कराडात, कॉलेजच्या रस्त्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून. दुकानदारांनी विचारलं, "कितवीला आहे?" मी म्हटलं, "डिप्लोमा, थर्ड इयर." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्या चौकटीची आत ठेवून छोट्या चौकटीची काढून दिली. पहिली-दुसरीच्या पोरांना अंक गिरवायला देतात ती नव्हे, चौथी-पाचवीत भागाकार मांडायला वापरायचो ती. दोन महिने वापरतेय, म्हणून लिहिते.

आधी ही वेळ का आली ते सांगते. आम्ही चौघं. कॅपस्टोन प्रोजेक्टला, म्हणजे डिप्लोमाच्या शेवटच्या मोठ्या प्रोजेक्टला, वेबसाइट घेतली, तालुक्याच्या एका सार्वजनिक वाचनालयाची. 'ब' वर्गाचं जुनं वाचनालय, खाली वर्तमानपत्रांचा हॉल, वर पुस्तकं, आणि सगळा कारभार ग्रंथपाल काकांच्या डोक्यात. टीममध्ये एक रंगारी आहे (नाव नाही घेत, त्याला फक्त रंगांत रस), एक डेटाबेसवाली, एक हॉस्टेलवाला आणि मी. मी म्हणजे जिला प्रोजेक्ट डायरी लिहायला लावतात ती.

डिझाइनसाठी आम्ही आधी फिग्मा घेतलं, पानं कशी दिसतील ते काढायचं सॉफ्टवेअर. त्याला नावं ठेवायला मी इथं आलेली नाही. ब्राउझरमध्ये उघडतं, लॅबच्या पीसीवर काही इन्स्टॉल करायची परवानगी मागावी लागत नाही, आणि चौघं एकाच पानावर एकाच वेळी काम करू शकतात, ज्याच्या त्याच्या नावाचा बाण फिरताना दिसतो. ते सुरूही केलं होतं कॉलेजातल्या दोन पोरांनीच, डिलन फील्ड आणि एव्हन वॉलेस यांनी, २०१२ साली. पुढं २०२२ मध्ये फोटोशॉपवाल्या अडोबीनं २० अब्ज डॉलरला विकत घ्यायचं जाहीर केलं आणि २०२३ च्या डिसेंबरात तो सौदा मोडला. आमच्या लॅबमध्ये ही गोष्ट रोज कुणीतरी कुणाला तरी सांगतं आणि दोघं मिळून उसासा टाकतात.

पण आमचं काय झालं, तर तीन आठवड्यांत होम पेज सात वेळा बदललं आणि सातही वेळा बदलला तो रंग. फिग्मात पहिल्या अर्ध्या तासातच पान असं देखणं दिसायला लागतं, की वाटतं झालंच आता. गोल कोपरे, हलकी सावली, मोठा फोटो. मग भांडायला उरतं काय? हिरवा की नारिंगी. वाचनालयात येणाऱ्या माणसाला त्या पानावर हवंय काय, हा विषयच निघाला नाही, कारण त्याची जागा आधीच तीन सुंदर डब्यांनी भरली होती. त्या डब्यांत काय लिहायचं ते नंतर बघू, असं ठरलं होतं. आत अजून 'लोरेम इप्सम' होतं, म्हणजे नुसती जागा भरायला टाकतात तो बिनअर्थाचा लॅटिनसारखा मजकूर.

यात दोष आमचाच. आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली. हॉस्टेलवाल्याकडं लॅपटॉप नाही. लॅबमध्ये त्याला मशीन मिळेपर्यंत आम्ही तिघं पान सजवून बसलेलो असायचो. तो यायचा, बघायचा, "भारी दिसतंय" म्हणायचा आणि मेसला जायचा. आम्ही डायरीत लिहायचो: सर्वानुमते.

पहिल्यांदा लॅपटॉप घेऊन काकांकडं गेलो, तेव्हाही तेच. काका खुर्ची थोडी मागं घेऊन बसले, हात मांडीवर. मी स्क्रोल करत राहिले. "छान आहे. छान आहे. फार छान केलंय पोरांनो." मग चहा आला. बाहेर पडल्यावर डेटाबेसवाली म्हणाली, "काका पाहुण्यांना म्हणतात तसं छान म्हणाले." ते मनात राहिलं.

सरांना डायरी दाखवली. त्यांनी सही केली नाही. म्हणाले, लॅपटॉप बंद करा, कागद घ्या, एका पानाचे आठ भाग करा आणि आठ मिनिटांत आठ होम पेजं काढा. मिनिटाला एक. गूगल व्हेंचर्स या गूगलच्या गुंतवणूक कंपनीच्या 'डिझाइन स्प्रिंट'मध्ये, म्हणजे थोड्या दिवसांत डिझाइन ठरवायच्या कार्यक्रमात, ही पद्धत 'क्रेझी एट्स' नावानं चालते. कोऱ्या कागदावर आमच्या रेघा चिखलातल्या बैलगाडीसारख्या गेल्या, म्हणून मी ही वही आणली. एवढीच तिची जन्मकथा.

आठ मिनिटांचा तो खेळ मी कुणालाही सांगेन. पहिली दोन-तीन चित्रं चौघांचीही सारखीच निघाली: वर मेनू, खाली सरकते फोटो, त्याखाली तीन डबे. म्हणजे आपण इतके दिवस ज्याला आपलं डिझाइन म्हणत होतो, ते कुणाचंच नव्हतं, सगळीकडं पाहिलेलं होतं. पाचव्या मिनिटाला डोकं रिकामं होतं आणि मग काहीतरी येतं. हॉस्टेलवाल्यानं सहाव्या चौकटीत फक्त एक दार काढलं होतं. उघडं दार. खाली लिहिलं होतं, 'आज उघडं आहे. सायं. ८ पर्यंत.' बाकी काही नाही.

रंगारी म्हणाला, "हे होम पेज आहे?"

तो म्हणाला, "मी गावाकडनं येतो तेव्हा मला एवढंच पाहिजे असतं. पाटणवरनं एसटीनं यायचं आणि कुलूप बघून परत जायचं, दोनदा झालंय माझं."

तीन आठवड्यांत पहिल्यांदा तो दोन वाक्यं सलग बोलला. पेन्सिल सगळ्यांना सारखी येते, त्याला मशीनचा नंबर लावावा लागत नाही.

आता वहीकडं. चौकोनांचा उपयोग नुसत्या सरळ रेघांपुरता नाही. आमच्या वहीत आडवे सोळा चौकोन बसतात. बूटस्ट्रॅप या वेबसाइट बांधायच्या तयार कोडची ग्रिड, म्हणजे पानाची उभी आखणी, बारा कॉलमची असते, म्हणून कॉम्प्युटरच्या पानाला बारा चौकोन घेतले आणि उरलेल्या चारांत भांडणं लिहिली. "इथं फोटो का?" "कारण जागा आहे." असली. मोबाइलचं पान नऊ चौकोनी धरलं. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पानाची रुंदी ३६० पिक्सेल मिळते, तिचे नऊ भाग केले की एक चौकोन ४० पिक्सेलचा होतो. अँड्रॉइडच्या डिझाइन नियमांत बोट टेकवायची जागा निदान ४८ ची असावी असं आहे, म्हणून आमचा नियम झाला: एका चौकोनात मावेल असं बटण काढायचंच नाही, थोडं बाहेर आलंच पाहिजे. हा नियम आजीलासुद्धा समजतो. तिच्याच अंगठ्यानं तपासला.

आणि मराठी. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. 'लोरेम इप्सम'ला ना वेलांटी ना उकार ना रफार. त्यावर बेतलेल्या ओळी मराठी मजकूर टाकला की एकमेकींच्या डोक्यावर बसतात. वहीत आपण हातानं खरं शीर्षक लिहितो, तिथं खोटं चालत नाही. 'दुर्मिळ ग्रंथ' लिहिलं तर वर रफार आणि वेलांटी, खाली उकार, एका चौकोनाच्या उंचीत मावेना. पुढं कोडमध्ये ओळीची उंची अक्षराच्या १.६ पट ठेवली ती तिथूनच आली. 'सभासदत्वाचे नूतनीकरण' हे बटण नऊ चौकोनांतून सरळ बाहेर, समासात गेलं. फॉन्ट लहान करता येत नाही, हात काही बारीक होत नाही. शेवटी 'वर्गणी भरा' झालं आणि काकांनाही तेच आवडलं, कारण लोक तेच म्हणतात.

(वहीचा संबंध नाही, पण सांगून टाकते. ब्राउझरमध्ये आमचा ल हिंदी वळणाचा यायला लागला. आम्ही नोटो सान्स देवनागरी घेतला होता, त्यात दोन पाकळ्यांचा मराठी ल आहे, पण पानाची भाषा मराठी आहे हे एचटीएमएलमध्ये सांगितल्याशिवाय तो बाहेर येत नाही. 'लँग'मध्ये 'एमआर' लिहायचं राहिलं होतं. डेटाबेसवालीनं पकडलं. वहीत अर्थातच ल पहिल्यापासून बरोबर होता.)

रंगाचं भांडण वही मिटवत नाही, तिच्यात रंगच नाही. पण ते पुढं ढकलते, आणि तेवढ्यानंच काम झालं. सगळं ठरून गेल्यावर रंगाला बसलो तेव्हा कुणाच्यात जोर उरला नव्हता. रंगारी त्याच्या झेंडूच्या नारिंगीवर अडून होता, एफ-एफ-नऊ-नऊ-तीन-तीन, तो हा कोड मंत्रासारखा म्हणतो. पांढऱ्यावर त्या रंगातली अक्षरं मोजली तर अक्षर आणि कागद यांच्या उजेडातल्या फरकाचं प्रमाण २.१ च्या आसपास येतं, आणि साध्या मजकुराला डब्ल्यूसीएजीच्या, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून केलेल्या नियमांच्या, निकषात ४.५ लागतं. निम्मंसुद्धा नाही. वर्तमानपत्राच्या हॉलमध्ये सकाळी येतात ते बहुतेक साठीच्या पुढचे. आकडा पाहून तो गप्प झाला, मग म्हणाला, "मग नारिंगी पट्टी आणि त्यावर काळी अक्षरं?" ते मोजलं, आरामात बसलं. त्याचा झेंडू राहिला.

काकांकडं दुसऱ्यांदा गेलो ते फक्त वही घेऊन. मी पान उघडून टेबलावर ठेवलं. काकांनी वही स्वतःकडं ओढली. लॅपटॉपला त्यांनी बोटही लावलं नव्हतं. उघडं दार बघून हसले, "हे कुणाचं?" हॉस्टेलवाला पुढं झाला. मग काकांनी खिशातलं पेन काढलं, पेन्सिल नव्हे, पेन, आणि आमच्या सरकत्या फोटोंच्या पट्टीवर आडवी-तिडवी फुली मारली. दोन तास सरळ रेघा मारल्या होत्या मी तिथं.

"फोटो कोण बघतंय? दिवाळीनंतर मला दिवसाला वीस फोन येतात, दिवाळी अंक आले का आणि कुठले आले. ते इथं टाका." फुलीच्या खाली त्यांनी लिहिलं: दिवाळी अंक. मग आणखी एक बाण काढला, अनामत किती आणि ती परत कधी मिळते. मग स्वतःच म्हणाले, "शोधायला पुस्तकाचं नाव नसतं बघा लोकांकडं. 'ते निळ्या कव्हरचं' म्हणतात." यावर आमच्याकडं काही उपाय नव्हता, पण डेटाबेसवालीनं लेखकाच्या अर्धवट नावावरून शोध करायचं तिथंच कबूल केलं. चहा आला, गार झाला, दुसरा मागवला.

छान हा शब्द त्या दिवशी एकदाही आला नाही.

त्यानंतर फिग्मा उघडलं, आणि वहीवरची पाच पानं तिथं एका दुपारी झाली. रंगारीनंच केली. काय काढायचं ते ठरलेलं असलं की ते साधन फार गुणाचं आहे, मी तेही वापरा म्हणेन. सरांनी डायरीवर सही केली, तीही वहीच्या पानांचे फोटो चिकटवले होते त्याच पानावर.

आता तक्रारी. कागद पातळ. तिसऱ्यांदा खोडलं की भोक पडतं. आमच्या 'संपर्क' पानावर पत्त्याच्या जागी आरपार दिसतं. रेघा गडद निळ्या आहेत, त्यामुळं फोटो काढला की पेन्सिल फिकी आणि चौकोनच ठळक. टूबी पेन्सिल घेतल्यावर जरा बरं झालं, एचबी अजिबात नको. मधल्या पिना महिन्यात सुटल्या. वडापाव खाताना हाताळली तर तेलाचा डाग जात नाही, आणि तो नेमका शोधायच्या डब्यावर पडला, तर प्रत्येक मीटिंगमध्ये कुणीतरी तोच विनोद करतं. खोडलेलं परत आणायची सोय नाही. आम्ही नंतर खोडणंच बंद केलं, पानावर तिरका 'रद्द' लिहून पुढचं पान घ्यायचं. रद्द पानं दोनदा कामाला आली.

सगळ्यात मोठा दोष म्हणजे वही एकच असते. ती ज्याच्याकडं, डिझाइन त्याच्याकडं. एकदा शनिवारी ती हॉस्टेलवाल्याच्या पिशवीतून पाटणला गेली आणि सोमवारी सकाळी रिव्ह्यू. रविवारी रात्री त्यानं एकेक पानाचा फोटो पाठवला, त्याच्या घराच्या पिवळ्या बल्बखाली, प्रत्येक फोटोत त्याच्या अंगठ्यासकट. आम्ही सरांना तेच दाखवलं. सरांनी विचारलं, "हा अंगठा कोणत्या फीचरचा?"

पाचपैकी चार देते. अर्धा कागदाला कापला, अर्धा पिनांना. दोघांतच प्रोजेक्ट असेल तर गरज नाही, बोलून होतं. चौघं असतील आणि त्यातलं कुणी मीटिंगला गप्प बसत असेल, तर घ्याच. छोट्या चौकटीची मागा.

मी परवा दुसरी आणायला गेले. दुकानदार ओळखीचं हसले, "पहिली भरली?"

"नाही," मी म्हटलं, "परत गावाला गेलीये."