खोक्यावर ६०० वॅट, हातात बिल नाही : कंपोनंट स्पीकरमध्ये माझे १२,१०० रुपये गेले

गाडीला कंपोनंट स्पीकर (जाड आवाजाचा वूफर आणि बारीक आवाजाचा ट्विटर वेगवेगळे असलेला सेट) लावायचे असतील आणि बजेट दहाएक हजारांचं असेल, तर आधी हे वाचा. माझे सेटचे ८,५००, फिटिंगचे १,२००, दरवाज्यांच्या पत्र्याची थरथर दाबणाऱ्या डॅम्पिंग शीटचे १,८०० आणि स्पीकरखालच्या रिंगांचे ६०० गेले. त्यातले फक्त २,००० यूपीआयने, बाकी सगळे रोख, कारण दुकानदाराला रोखच हवे होते.

नामांकित कंपनीचा साडेसहा इंची सेट, ‘स्टॉक क्लिअरन्स’ म्हणून निम्म्या भावात. क्लिअरन्सच्या नावाखाली नकली माल खपवायचा खेळ तुम्हाला माहीत आहे, मलाही होता. पण मी डोळे मिटून गेलो नव्हतो. आरएमएस वॅट, म्हणजे स्पीकर सतत पेलतो ती खरी ताकद, विचारले. स्पीकरचा विद्युत अवरोध चार ओहम आहे ना ते पाहिलं. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लावायचा नसल्याने सेन्सिटिव्हिटी (थोड्या वॅटवर किती मोठा आवाज निघतो ते) ९० डेसिबलच्या वर हवी, तीही तपासली. सगळं खोक्यावर छापलेलं होतं. छापलेलंच खोटं असेल तर दुकानात उभं राहून ग्राहकाने मोजायचं कशाने?

राग येतो तो डेमोचा. बोर्डावर तोच सेट लावलेला, ढोल छातीत घुमत होता. मी सहज वूफरच्या कोनवर बोटं टेकवली, तर कोन जेमतेम थरथरत होता. एवढा ठोका, आणि कोन जागच्या जागी! आवाज काउंटरखाली लपवलेल्या सबवूफरचा, म्हणजे फक्त बाससाठीच्या वेगळ्या मोठ्या स्पीकरचा होता. माझ्या बोटांना कळलं होतं, आणि नेमका तेव्हाच दुकानदार म्हणाला, “साहेब, हात नका लावू, वॉरंटी जाईल.” मी हात काढून घेतला. ‘सब बंद कर आणि मग वाजव’ एवढंच म्हणायचं होतं. तुम्ही म्हणा, आणि आवाज मेला तर तिथून निघा.

बिल मागितलं. “बिल हवं तर जीएसटी वेगळा पडेल, वॉरंटी कार्डावर शिक्का देतो ना.” शिक्का दिला, तारीख घातली नाही.

गाडीत आवाज पत्रा वाजवल्यासारखा. थोड्याच दिवसांत डावा ट्विटर बंद. दुसऱ्या फिटरने डोअर पॅड काढलं तेव्हा कळलं, वूफरमागचं जाडजूड मॅग्नेट म्हणजे प्लास्टिकची टोपी, आत छोटीशी चकती. बारीक आवाज ट्विटरला आणि जाड आवाज वूफरला वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरच्या डबीत, वूफरकडे जाणारा बारीक आवाज अडवणारी कॉइल नाहीच. ट्विटरच्या वायरीत एक कपॅसिटर, वूफरची वायर सरळ आरपार. स्वस्त सेटमध्ये नुसता कपॅसिटर असतो, त्याला माझी हरकत नाही. पण मग तसं सांगून विका, ‘टू-वे क्रॉसओव्हर’ छापून नको. डबी उघडून दाखवत नसेल तर सेट घेऊ नका.

आणि ते ६०० वॅट! गाडीच्या स्टिरिओचा फ्यूज साधारण १० किंवा १५ अँपिअरचा. १४.४ व्होल्ट धरले तरी १५ अँपिअरला २१६ वॅट होतात, तेही चारही दरवाजे मिळून, उष्णतेत वाया जाणारे धरून. हातात येतात दर चॅनलला १५-२० वॅट आरएमएस.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने सिरीयल नंबर आमचा नाही म्हणून फोन ठेवला. नकली माल आपल्या नावाने विकला जातोय, तर निदान दुकानाचा पत्ता तरी विचारा! पोलीस चौकीत ऐकवलं, हा दिवाणी मामला आहे. तक्रार घेणाऱ्या ग्राहक हेल्पलाइनच्या फोनवर पहिला प्रश्न, बिल आहे का? नाही म्हटल्यावर तक्रार बंद. मी पुन्हा नोंदवली, पुन्हा बंद. अहो, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा ठरवली आहे. ज्या गुन्ह्याची तक्रार करतोय, तोच गुन्हा तक्रार न घेण्याचं कारण कसा होतो? हे फोनवर वाचून दाखवलं तर उत्तर आलं, “सर, सिस्टीममध्ये बिल अपलोड केल्याशिवाय पुढे जात नाही.” चोराने पावती दिली नाही म्हणून चोरी झालीच नाही, असा हा हिशेब.

पैसे यूपीआयनेच द्या, आणि समोर नाव दुकानाचं येतंय ना ते बघा. माझे २,००० कुणा खासगी माणसाच्या नावावर गेलेत. खोका फेकू नका, एमआरपीच्या लेबलाचा फोटो काढा, लेबलच नसेल तर परत फिरा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तो २,००० चा स्क्रीनशॉट, बिनतारखेचं कार्ड आणि उघडलेल्या डबीचे फोटो जोडून मी अर्ज टाकतो आहे.