सेकंडहँड पी-बास, ‘इंपोर्टेड’ पिकअप आणि 25के: वापरानंतरचा अनुभव

दुरुस्तीवाल्याने माझ्या बास गिटारच्या केबलच्या टोकाला मीटर लावला, 7.3 किलोओहम (रोधाचं माप) वाचलं आणि सांगून मोकळा झाला: “पी-पिकअपला दहा-अकरा यायला पाहिजे. कॉइल गेलीय. नवीन टाका, नऊ हजार.” पिकअप म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणारी, चुंबकाभोवतीची कॉइल. पिकगार्ड, म्हणजे वरचं झाकण, उघडून बघा म्हटलं तर उघडायचेच पाचशे वेगळे. बास उचलला आणि घरी आलो. हे झालं जानेवारीत, आणि हा रिव्ह्यू त्या नऊ हजारांमुळेच लिहितोय.

बास म्हणजे पी-बासची, फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बासची, कॉपी. हेडस्टॉकवरचं नाव कोणीतरी पॉलिश पेपरने घासून काढलेलं. गेल्या गणपतीच्या तोंडावर चौदा हजारांना घेतला, त्यातले तीन हजार “पिकअप इंपोर्टेड आहेत, डंकन” (अमेरिकन पिकअप कंपनी) याचे. बाकी सगळ्यावर घासाघीस चालली, या तीन हजारांवर विक्रेता तसूभर हलला नाही. नेक (गिटारची मान) सरळ, फ्रेट ठीक. वजन किती आहे ते संध्याकाळच्या बोरिवली लोकलमध्ये खांद्याला कळतं.

गणपती, नवरात्र, पुढचा लग्नाचा सीझन, आमच्या ऑर्केस्ट्राचे सगळे कार्यक्रम याच्यावरच वाजवले. आवाज तोंडावर रुमाल धरल्यासारखा. टोन पूर्ण उघडला तरी वरच्या पट्ट्या गायब, आणि ढोलकी सुरू झाली की मी वाजवतोय की नाही हे मलाच कळेना. वर हम, म्हणजे सततची गुणगुण. फेंडरने 1957 मध्ये प्रिसिजनला दिला तो हा दोन तुकड्यांचा पिकअप. एका तुकड्याची गुंडाळी आणि चुंबक दुसऱ्याच्या उलट, म्हणून हम जागच्या जागी कटतो. मग माझ्याकडे का गुणगुणतोय? तेव्हा विचारलं असतं तर दोन स्टार दिले असते, तेही नेकचे.

पिकगार्ड मीच उघडला. डंकनचा क्वार्टर पाउंडर असता तर पोल, म्हणजे तारांखालच्या धातूच्या खुंट्या, पाव इंच जाड दिसले असते. डिमार्झिओ या दुसऱ्या कंपनीचा मॉडेल पी असता तर पोलमध्ये अ‍ॅलन की बसली असती. यातलं काही नाही. पिकअप उलटा केला. अल्निको (चुंबकी मिश्रधातू) दांड्या असत्या तर प्रत्येक तुकड्याच्या खालच्या पट्टीवर चार टोकं दिसायला हवी होती. इथे एकेक काळी सिरॅमिक पट्टी चिकटवलेली, वर साधे लोखंडी पोल, त्यांच्या कडेला पावसाळ्याचा गंज. स्टिकर नाही, शिक्का नाही. सिरॅमिक म्हणजे टाकाऊ असं अजिबात नाही, डिमार्झिओही वापरतं. पण याचे तीन हजार?

राग डोक्यात असतानाच पिकअपची वायर सोडवून नुसता पिकअप मोजला. 10.4! म्हणजे कॉइल ठणठणीत. मग 7.3 कुठून आलं? व्हॉल्यूमचा पॉट (नॉबखालचा बदलता रोध) फिरवून मागे बघितलं तर शिक्का: बी25के, म्हणजे 25 किलोओहम. पी-बासच्या पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी न लागणाऱ्या, पिकअपला साधारण 250के लागतो. 10.4 ला समांतर 25 लावा, बरोबर 7.3 येतात. त्या माणसाने पिकअप मोजलाच नव्हता, पिकअप आणि पॉट मिळून मोजलं होतं. एवढ्या छोट्या पॉटच्या ओझ्याखाली सिग्नलचा तीस टक्के भाग तिथेच मरतो, आणि वरचे सूर त्याहून जास्त.

25के लागतो बॅटरीवर चालणाऱ्या, ईएमजी कंपनीच्या पिकअपसारख्या अ‍ॅक्टिव्ह पिकअपला. मग एकेक गोष्ट जुळत गेली. केबल घालायचा जॅक स्टीरिओ (आत जास्तीची रिंग असलेला), कारण अ‍ॅक्टिव्हमध्ये बॅटरीची निगेटिव्ह त्याच्या रिंगवर जाते आणि केबल घातली की बॅटरी चालू होते. खोबणीत एका बाजूला नऊ व्होल्टच्या बॅटरीएवढी जागा कोरलेली, तिथे फोमचा तुकडा अजून चिकटलेला. आणि ब्रिजची (तारा जिथे अडकतात त्या पट्टीची) अर्थची वायर कापून टोकाला इन्सुलेशन टेप गुंडाळलेली, कारण ईएमजी बसवताना ती काढायला सांगतात. हमचं कारण हेच. थोडक्यात, या बासवर कधीकाळी खरंच चांगले पिकअप होते. कोणीतरी ते काढून घेतले, स्वस्तातले टाकले आणि बाकी वायरिंगला हातही लावला नाही. तीन हजार मी गेलेल्या पाहुण्यांचे भरले.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात 250के मागितला की दुकानदार 220 दाखवतो. डोळे झाकून घ्या. पॉटमध्ये वीस टक्के इकडे-तिकडे चालतंच, त्यामुळे 250 च्या नावाखाली 200 चाही निघतो. फक्त दांडी तुमच्या नॉबला बसते का ते तिथेच बघा. दोन पॉट आणि 0.047 मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, सगळं शंभराच्या आत. ब्रिजची वायर परत सोल्डर केली. हम गेला, आणि ज्याला फेकून द्यायला सांगितलं होतं तो स्वस्तातला पिकअप असा काही बोलायला लागला की आमच्या कीबोर्डवाल्याने नवीन बास घेतलास का म्हणून विचारलं. आता चार स्टार.

मे महिन्यात पॉट पुन्हा घट्ट करायला उघडला तेव्हा वायर सोडवून परत मोजला, तर 10.8. बिघाड नाही, उकाडा. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण 0.4 टक्के वाढतो. त्यामुळे कोणी दशांशानंतरच्या आकड्यावरून पिकअपची कंपनी ओळखून दाखवत असेल तर आधी त्याच्या खोलीत एसी आहे का ते विचारा.

पाचवा स्टार ई तारेच्या खुंटीने घालवला. गाण्याच्या मध्येच सैल होते. ते आता गणपतीनंतर बघू.